त्रेचाळीस पानं

तिनं कागदांचा गठ्ठा टेबलावर ठोकून कडा जुळवल्या आणि तो साहेबांसमोर सरकवला.

“वाचा. मोठ्यानं.”

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “नेमकं कुठलं पान, तेवढं सांगितलंत तर...”

“पहिल्यापासून वाचा. वाटेत लागेल ते.”

ऑफिसात त्यांना पाठीमागे सगळे सारांशसाहेब म्हणत. कुणी काही समजावायला लागलं, की दुसऱ्याच वाक्याला ते घड्याळ बघत म्हणायचे, “सारांश सांगा.” त्यांच्या हाताखाली तिनं अकरा वर्षं एकच वेबसाइट सांभाळली होती, पाळणाघरांच्या एका मोठ्या साखळीची. मूल आत आलं, झोपलं, घरी जायला तयार झालं, की पालकांच्या फोनवर मेसेज जायचा. मग एआय आलं. डोक्यात आहे नाही ते सगळं लिहून काढा, यंत्राला शिकवायचंय, असं साहेबांनी तिला सांगितलं. ती महिनाभर लिहीत बसली. शेवटचं पान ज्या दिवशी पाठवलं, त्याच दुपारी फुलांचा गुच्छ हातात देऊन तिला निरोप दिला गेला. एआयनं त्रेचाळीस पानांचा पाच ओळींत सारांश काढला. साहेबांनी तो वाचला, मान डोलावली आणि तिचा सगळा कोड त्याच्याकडून नव्यानं लिहून घेतला. जुना सर्व्हर बंद झाला, त्याबरोबर तिची फाइलही गेली. घरी छापून ठेवलेली ही प्रत तेवढी उरली.

आठ महिने सगळं सुरळीत चाललं. आणि परवा एका पाळणाघराच्या फाटकाशी एक बाप येऊन उभा राहिला. मुलीच्या जवळ फिरकायची कोर्टानं त्याला मनाई केली होती. पण ‘मुलगी घरी निघायला तयार आहे’ असा मेसेज आईबरोबर त्यालाही गेला होता. दारावरच्या बाईंनी चेहरा ओळखला म्हणून निभावलं.

साहेबांचा फोन आला, तेव्हा तिनं आधी विचारलं होतं, “मेसेज बंद केलेत का?”

“कालच. सगळेच बंद केले. पण सोमवारपर्यंत नीट झालं नाही, तर काम हातचं जाईल आमच्या.”

“मग उद्या सकाळी घरी या. एकटे या.”

आता ते वाचत होते. चौथ्या पानावर त्यांचा घसा कोरडा पडला. तिनं पाण्याचा ग्लास पुढे केला आणि धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. आतल्या खोलीतून आईनं विचारलं, “कोण गं आलंय?”

“ऑफिसातले साहेब.”

“मग बोलत काय सुटलेत एकटेच?”

साहेब थांबले. ती थांबली नाही. उशीचा अभ्रा झटकून तिनं मान हलवली: चालू द्या.

ते अडखळत होते. ज्या शब्दांवर त्यांनी वर्षानुवर्षं सभा घेतल्या, त्यातले निम्मे त्यांना कळत नव्हते, हे बाराव्या पानापर्यंत उघड झालं. एकदा त्यांनी विचारलं, “हे असं का केलं होतं?” ती म्हणाली, “पुढच्या ओळीत लिहिलंय.” खरंच लिहिलेलं होतं. ते कानापर्यंत लाल झाले. तिला बरं वाटलं. आठ महिने तिनं याचीच वाट पाहिली होती.

सव्विसाव्या पानावर ते सापडलं. काही घरांत दोघांपैकी एकाच पालकाला मेसेज जायला हवा. ज्याला तो जायला नको, त्याच्या नावापुढे ती शून्य लिहायची. ही चूक नाही, काढू नये, असं खाली रेघ मारून लिहिलं होतं. एआयनं ती शून्यं रिकाम्या जागा समजून भरून टाकली होती.

साहेब ताडकन उठले. खिडकीशी जाऊन त्यांनी ऑफिसला फोन लावला आणि तो परिच्छेद दोनदा वाचून दाखवला. परत आले तेव्हा त्यांचे खांदे सैल पडले होते.

“फार उपकार झाले. निघू मी?”

“सतरा पानं राहिलीत.”

त्यांना हवं ते मिळालं होतं. दार उघडंच होतं. ते दाराकडे बघत क्षणभर उभे राहिले आणि मग खुर्ची ओढून बसले.

शेवटचं पान आलं तेव्हा ती कपडे बाजूला सारून समोर बसली. हा क्षण तिनं मनात किती वेळा घोळवला होता. त्यावर काय बोलायचं, तेही ठरलेलं होतं.

“‘इथपर्यंत कुणी वाचलं असेल,’” साहेब वाचू लागले, “‘तर मला एक फोन करावा. मला हे काम सोडायचं नाही. मी नवीन काहीही शिकायला...’”

तिला वाटलं होतं, त्यांना हे वाक्य झोंबेल. त्यांच्या जड, दमलेल्या आवाजात तिचं स्वतःचं गयावया करणं खोलीभर पसरलं आणि तिचेच कान तापले. ठरवलेलं वाक्य तोंडाशी येऊन आत गेलं.

“‘शिकायला तयार आहे,’” त्यांनी हळू आवाजात पुरं केलं. मान वर केली नाही. “मी हे... सोमवारपासून याल का परत?”

तिनं गठ्ठ्यातून सव्विसावं पान काढून त्यांच्या हातात दिलं.

“हे न्या. बाकीचं राहू द्या.”

ते गेले. आई भिंतीला धरून बाहेर आली, रिकाम्या खुर्चीत टेकली.

“झालं त्यांचं वाचून?”

“झालं.”

“परत येणारेत का?”

तिनं शेवटचं पान उलटं करून टेबलावर ठेवलं आणि त्यावर तळहात दाबून धरला.

“नाही,” ती म्हणाली. “आता गरज नाही.”