दोन टोले म्हणजे पूर्णविराम

मित्रांनो, डोक्यावर टपली मारल्याशिवाय जिच्याशी कुणी बोलतच नाही, अशी मी टेबलावरची एक जुनी घंटी आहे. पितळी वाटी उपडी ठेवावी तसं माझं अंग, खाली लोखंडी बूड आणि वर एक बटण. बटण दाबलं की आतली हातोडी वाटीवर आपटते आणि 'टिंग' असा आवाज होतो. मला एवढंच येतं. पण एवढ्याशा आवाजापायी एका शाळेचा जीव कसा टांगणीला लागला होता, ते आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, मला ठाऊक नाही. माझ्या बुडावर काहीतरी इंग्रजीत कोरलंय म्हणतात, पण स्वतःचं बूड कुणाला दिसतं? मला कळायला लागलं तेव्हा मी उमरीच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, कचेरीत होते. निजाम सरकारचा अंमल होता. कापसाच्या हंगामात बाजारात गाड्यांची रीघ लागायची. कचेरीतला मॅनेजर मला एकदा दाबायचा आणि शिपाई धावत यायचा. दोनदा दाबायचा आणि मुनीम बापूसाहेब धावत यायचे. बापूसाहेब अंगानं भारी. धोतर सावरत पळताना त्यांची तारांबळ उडायची. खरं सांगते, मला तेव्हा भलताच तोरा चढला होता.

तो तोरा लवकरच उतरला. जिनिंग बंद पडलं, मॅनेजर निघून गेला आणि मी कापसाच्या धुळीत पडून राहिले. माझी वाटी काळी पडली. शेवटी बापूसाहेबांनीच मला उचललं, चिंचेनं घासून लख्ख केलं आणि गावातल्या शाळेत आणून दिलं. "हिनं मला लई पळवलं. आता पोरांना पळवू दे," असं म्हणून ते पोट धरून हसले.

ही शाळा सरकारी नव्हती. गावातल्या लोकांनी मिळून ती चालवली होती आणि बापूसाहेब तिचा सगळा कारभार बघायचे. इंग्रजी शिकवायला रेणुकादास मास्तर होते. बारीक अंगाचे, काळी टोपी घालणारे आणि मुलांच्या पाट्या तपासताना उसासे टाकणारे. त्यांचे उसासे मी रोज ऐकायची.

उसासे टाकायला कारणही तसंच होतं. मुलं घरी वडिलांजवळ मोडी शिकलेली. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं. मध्ये ना जागा सोडायची, ना थांबायचं. सरकारी परीक्षेसाठी उर्दू शिकायची, तर तिथं मोठं अक्षर आणि धाकटं अक्षर असा भेदच नाही. तीच सवय इंग्रजीत यायची. पाटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नुसती अक्षरांची मुंग्यांसारखी रांग. वाक्य कुठं संपलं, माणसाचं नाव कुठलं, गावाचं नाव कुठलं, काही पत्ता लागायचा नाही.

मोहतमीम साहेब म्हणजे शाळा तपासणारे सरकारी अधिकारी. ते एकदा आले, पाट्या पाहिल्या आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मास्टरसाब, बात कहाँ शुरू होती और कहाँ खतम, कुछ समझताच नहीं," ते म्हणाले. "अगली बार भी यही हाल रहा, तो शाळेची इजाजत मैं कायम नहीं रखूंगा." त्यांनी ते रागानं म्हटलं नाही. शांतपणे म्हटलं, म्हणून सगळ्यांना जास्त धास्ती बसली.

त्या संध्याकाळी बापूसाहेब आणि मास्तर माझ्यासमोरच बसले होते. "शाळा बंद झाली तर पोरं नांदेडला जातील, न्हाई तर दुकानात बसतील. कायतरी होईल त्यांचं," बापूसाहेब म्हणाले.

"आणि महादेवीचं?" मास्तरांनी विचारलं.

महादेवी ही किराणावाले शिवप्पा यांची मुलगी. वर्गात ती एकटीच मुलगी होती. गावात शाळा होती म्हणून शिवप्पा तिला पाठवत होते. मुलीला नांदेडला ठेवून शिकवणं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. शाळा मिटली की महादेवीचं शिक्षण मिटणार, हे दोघांनाही कळत होतं. मलाही कळलं आणि माझ्या पितळी अंगाला पहिल्यांदाच भीती शिवली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना एक युक्ती सुचली. त्यांनी इंग्रजी उतारा सांगायला घेतला आणि स्वल्पविराम आला तिथं मला एकदा दाबलं. वाक्य संपलं तिथं दोनदा दाबलं. "एक टोला, शेपटीचा ठिपका. दोन टोले, नुसता ठिपका, आणि पुढचं अक्षर मोठं," असं त्यांनी मुलांच्या मनावर ठसवलं. माणसाचं किंवा गावाचं नाव आलं की ते स्वतःच्या टोपीला हात लावायचे. म्हणजे त्या नावाला टोपी घालायची, पहिलं अक्षर मोठं काढायचं. पोरं खूश झाली. पाट्या बघता बघता सुधारल्या. मास्तरांचे उसासे बंद झाले आणि जो तो माझंच कौतुक करू लागला.

अडचण एकट्या मडिवाळप्पाची झाली. तो शाळेचा शिपाई. मी वाजले की तो पाण्याचा गडवा घेऊन दारात हजर! शेवटी मास्तर वैतागले. "मडिवाळप्पा, ही घंटी तुझ्यासाठी नाही. कितीही वाजली तरी यायचं नाही."

"हाव मास्तर. वाजू द्या किती बी. म्या जागचा हलत न्हाई," तो म्हणाला आणि शब्दाला जागला.

अखेर तपासणीचा दिवस उगवला. ऊन कडक होतं. मोहतमीम साहेब नांदेडच्या गाडीनं उतरले आणि स्टेशनावरून चालत आले. घामानं त्यांची शेरवानी पाठीला चिकटली होती. ते सरळ मास्तरांच्या खुर्चीत बसले, अगदी माझ्यासमोर. मला उचलायला मास्तरांनी हात पुढं केला, तर साहेब म्हणाले, "रहने दो. आप खिडकी के पास खडे रहो. बोलायचं नाही."

मास्तर खिडकीशी जाऊन उभे राहिले. बापूसाहेब दारात. मडिवाळप्पा बाहेर पायरीवर. मुलांच्या हातात पाट्या, आणि साहेबांनी खिशातून एक इंग्रजी पुस्तक काढलं.

एका व्यापाऱ्याची गोष्ट होती ती. साहेब चांगलं वाचत होते. वाक्य संपलं की थांबत होते, आवाज खाली आणत होते. घंटी नसली तरी मुलांना तेवढ्यावर उमजत होतं. पेन्सिली कुरकुरत होत्या. मास्तरांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. 'द मर्चंट केम टु द ओल्ड' इथपर्यंत साहेब आले आणि त्यांच्या घशाला कोरड पडली. ते खोकले.

कचेरीत बसणाऱ्या माणसाचा हात घंटीकडे न बघताच जातो. तसा त्यांचा हात माझ्याकडे आला. नको, साहेब, नको, मी मनात ओरडले. पण मला ओरडायला येतं कुठं? त्यांनी बटण दाबलं आणि माझ्या तोंडून 'टिंग' निघून गेलं. त्यांनी दाराकडे पाहिलं. मडिवाळप्पा जागचा हलला नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. टिंग!

एक टोला आणि वर दुसरा टोला. वर्गातल्या सगळ्या माना खाली होत्या. सगळ्या पाट्यांवर एकाच वेळी ठिपका पडला. खिडकीशी मास्तर मान हलवून नको नको म्हणत होते, पण त्यांच्याकडे बघणार कोण? महादेवीची पेन्सिल तेवढी क्षणभर घुटमळली. मग तिनंही ठिपका दिला. घंटीवर तिचा सगळ्यांपेक्षा जास्त विश्वास होता, आणि तेच मला फार लागलं.

शेवटी बापूसाहेबांनीच पाण्याचा गडवा आणला. साहेब पाणी प्यायले आणि 'गेट ऑफ द टाउन' असं म्हणून पुढं वाचू लागले. मुलांनी 'गेट'चं पहिलं अक्षर ऐटीत मोठं काढलं.

पाट्या टेबलावर आल्या. साहेबांनी पहिली पाहिली, दुसरी पाहिली. तिसरीला त्यांची भुवई चढली. नंतर ते पाट्या भराभर उलटत गेले. 'ओल्ड'पुढं सगळीकडे तोच ठिपका.

"सब के सब की एकच गलती?" त्यांचा आवाज खाली गेला. "एक मुलगा चुकला तर मी समजू शकतो. सगळे एकाच जागी कसे चुकतील? मास्टरसाब, खिडकीतून तुम्ही इशारा केलात. ये तो नकल है."

मास्तरांचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. मोठ्या अधिकाऱ्याला, चूक तुमच्याच हातून झाली, असं सांगायचं कसं? बापूसाहेबांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी कागद पुढं ओढला आणि दौतीचं झाकण उघडलं.

तेवढ्यात महादेवी उभी राहिली. "साहेब, मास्तरनी इशारा न्हाई केला. घंटी तुमीच वाजवली. दोनदा."

"मैंने?"

"हाव. दोनदा वाजली की ठिपका द्यायचा असतो."

मग मास्तरांना वाचा फुटली. त्यांनी टोल्यांची सगळी हकीकत सांगितली. साहेब ऐकत राहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मडिवाळप्पाकडे पाहिलं, आणि क्षणभर त्यांच्या मिशीखाली हसू हललं. पण ते लगेच मावळलं.

"नकल नाही, मान्य," ते म्हणाले. "पण हे तर त्याहून वाईट. ही पोरं घंटी शिकली, इंग्रजी नाही. बेटी, बडे इम्तिहान में घंटी कौन बजाएगा?"

महादेवी खाली बसली.

"एक मौका और," साहेब म्हणाले. "मास्टरसाब, आप बाहर." त्यांनी मला उचललं, टेबलाच्या खणात टाकलं आणि खण लावून घेतला.

मित्रांनो, आत काळोख होता. खडूची पूड आणि एक जुनं फडकं होतं. मला काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. साहेबांनी या खेपेस पुस्तक घेतलं नाही. उमरीचं स्टेशन, उमरीचा बाजार, बापूसाहेब मुनीम असं सुचेल ते ते इंग्रजीत सांगत गेले. आणि सांगितलं तेही एका सुरात. कुठं थांबले नाहीत, कुठं आवाज खाली आणला नाही. मोडीच्या रेघेसारखं सगळं सपाट. इथं स्वल्पविराम आहे, इथं थांबा, असं मला सांगायचं होतं आणि सांगता येत नव्हतं.

उतारा संपला. पेन्सिली थांबल्या. आता पाट्यांवर पुन्हा तीच मुंग्यांची रांग असणार, हे मला न बघता कळलं. सगळं संपलं असं मला वाटलं. मग कुठून तरी कुजबुज ऐकू आली.

"बोलायचं नाही!" साहेब कडाडले.

"बोलून न्हाई राहिले, साहेब," महादेवीचा आवाज रडवेला झाला होता. "मी माझंच लिहिलेलं वाचून राहिले."

"वाचून काय होईल?"

"वाचलं की तोंड आपोआप थांबतंय. तिथं ठिपका द्यायचा राहिलाय असं कळतंय."

मग खुर्ची करकरली. "पढो," ते म्हणाले. "सब पढो. हळू."

सगळा वर्ग ओठांत वाचू लागला. आणि त्या कुजबुजीतून मला एक आवाज आला. टक्. दगडी पाटीवर पेन्सिल टेकल्याचा. मग दुसरा, टक्. मग इकडून तिकडून, कुणाचा आधी, कुणाचा मागून. मला कुणी दाबलं नव्हतं, तरी ठिपके पडत होते. प्रत्येक जण आपापला ठिपका आपणच देत होता. मित्रांनो, त्या वेळी मला आनंद झाला की रडू आलं, मला आजही सांगता येत नाही.

सगळ्या पाट्या बरोबर आल्या नाहीत. सिद्धरामनं तर गावाच्या नावालाच टोपी घातली नव्हती. "उमरी इतनी छोटी है क्या?" साहेबांनी विचारलं, तेव्हा सगळा वर्ग भीत भीत हसला. महादेवीची पाटी त्यांनी दोनदा वाचली आणि कुठंही बोट न ठेवता तिच्या हातात दिली. मग मास्तरांना आत बोलावलं. "इजाजत कायम," ते म्हणाले. बापूसाहेबांनी तिथल्या तिथं भिंतीला टेकून श्वास सोडला.

साहेब गेल्यावर मास्तरांनी खण उघडला. त्यांचा हात माझ्यावर आला आणि तिथंच थांबला. मग त्यांनी ते जुनं फडकं माझ्यावर नीट पांघरलं आणि खण लावून टाकला.

महादेवी त्या शाळेत शेवटच्या इयत्तेपर्यंत शिकली. मी मात्र खणातच राहिले. पहिले काही दिवस मला फार वाईट वाटलं. नंतर रोजचे ते टक् टक् ऐकायची सवय झाली. कुणाचा ठिपका राहून गेला तर माझा जीव तुटायचा, पण मला बाहेर काढा असं कधी वाटलं नाही.

जुन्या वस्तूंनी मुलांजवळ आपली निगा राखायचं मागणं मागावं, असा रिवाज आहे. माझी निगा नाही राखली तरी चालेल. माझं एकच मागणं आहे. लिहून झालं की पाटी लगेच पुढं करू नका. आपण लिहिलेलं एकदा ओठांत वाचा. तुमचं तोंड जिथं आपोआप थांबेल, तिथं न चुकता ठिपका द्या, आणि इंग्रजी असेल तर पुढचं अक्षर मोठं काढा.