दुसरी सही

शुक्रवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी हिंदुराव माने यांनी माइक हातात घेतला आणि आपण तो पक्षी पाहिलेला नाही, असे सांगितले.

सभागृहात साठेक माणसे होती. मुळा नदीच्या काठाने खडकीकडे जाणाऱ्या नव्या रस्त्याची ही दुसरी सुनावणी. पहिल्या वेळी सुनावणी घेणाऱ्या अधिकारीबाईंनी मुद्दा स्पष्ट केला होता. बाभळी आणि पाणकणसाच्या त्या पाऊण किलोमीटरच्या पट्ट्यात रंगीत पाणलावा वीण करतो, याची एक जरी ठाम नोंद असेल तर रस्ता पट्ट्यामागच्या भिंतीकडून वळवता येईल. नसेल तर मार्चमध्ये काम सुरू होईल. मुळाकाठ पक्षी गटाकडे अशा सहा नोंदी होत्या. फोटो एकही नव्हता, कारण घरट्याजवळ कॅमेरा न्यायचा नाही असा गटाचा दंडक. फोटोऐवजी दुसरा एक नियम होता, आणि तो श्यामला दामले हिने पाचच मिनिटांपूर्वी टेबलासमोर उभे राहून वाचून दाखवला होता. नोंदवहीच्या पहिल्या पानावर, २००६ साली, हिंदुरावांच्या अक्षरात लिहिलेला: दोघांनी पाहिल्याशिवाय नोंद नाही.

"नियम ज्यांनी घातला ते इथेच बसलेत," ती म्हणाली होती. हिंदुरावांनी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणी विभागात चौतीस वर्षे काढली होती. एका सहीवर तिथून खिळासुद्धा बाहेर जात नसे, हेही तिने सांगितले. मग माइक तिनेच त्यांच्या हातात दिला.

रस्त्याच्या सल्लागार कंपनीतर्फे आलेले इंद्रजीत पानसे उठून उभे राहिले. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"माने साहेब, २०२१पासूनच्या पाच नोंदींवर दुसरी सही तुमची आहे. तुम्ही पक्षी पाहिला होता?"

"सही माझी हाय," हिंदुराव म्हणाले. "पक्षी मी पाहिला नाही."

"कुठल्या नोंदीत?"

"पाचीत. काचबिंदू आहे मला. मधोमध थोडं दिसतं, कडेचं सगळं गेलं."

अधिकारीबाईंनी पेन खाली ठेवले. "मग सह्या कशा केल्यात?"

"दामलेबाईंनी पाहिला होता म्हणून."

"म्हणजे सह्या दोन आणि डोळे एकीचे," पानसे म्हणाले. मागच्या रांगांत हशा झाला.

"आणखी कुणी न पाहता सह्या केल्या आहेत का?" अधिकारीबाईंनी विचारले.

हिंदुरावांनी माइक दुसऱ्या हातात घेतला. "माझ्या सह्यांचं मी सांगितलं. दुसऱ्याच्या सहीचं ज्याचं त्याला विचारा."

ते खाली बसले. श्यामला अजून उभीच होती. ते आणखी एक वाक्य बोलतील असे तिला वाटत होते. बाई खोटे लिहीत नाहीत, एवढेच. हिंदुरावांनी चष्मा काढला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

पाच नोंदी बाद झाल्या. उरली सहावी, म्हणजे तारखेने सर्वांत जुनी. २१ ऑगस्ट २०१६, नर आणि चार पिल्ले, पहिली सही माने, दुसरी दामले. मूळ वही आणि दुसरी सही करणाऱ्याचे प्रतिज्ञापत्र मंगळवारी अकरा वाजता सादर करावे, असा आदेश निघाला.

बाहेर जिन्यात अपूर्वाने हिंदुरावांना गाठले. ती सत्तावीस वर्षांची, हिंजवडीत नोकरीला. गटाच्या सगळ्या नोंदी तिनेच दोन वर्षे शनिवारी बसून संगणकावर चढवल्या होत्या.

"काका, फक्त 'हो' म्हणायचं होतं. दॅट्स इट."

"खोटं?"

"पक्षी खोटा होता का?"

हिंदुराव पुढची पायरी पायाने चाचपत होते. हे ते कधीपासून करत असतील, हे श्यामलाला आठवेना. अपूर्वाने चिडूनच त्यांचा दंड धरला. श्यामला दोन पायऱ्या वर थांबून राहिली.

खाली आल्यावर हिंदुराव एकटेच रस्ता ओलांडून बसथांब्याकडे गेले. त्यांनी मागे वळून पाहिले नाही. पाहिले असते तरी काय दिसले असते, असे श्यामलाच्या मनात आले आणि तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

"जाऊ दे ताई, सोळाची एंट्री आहे ना," अपूर्वा म्हणाली. "तुम्ही दरवर्षी नवीन मेंबर्सना सांगता ती. चार पिल्लं, एकामागे एक, आणि शेवटचं चिखलात अडकतं. तेच लिहू. मी ड्राफ्ट पाठवते."

"पाठव."

"आणि काकांना आता संडेला नदीवर बोलवायचं नाही. सॉरी, पण नाही."

श्यामलाने वही पिशवीत घातली.

सदाशिव पेठेतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, प्रुफांच्या गठ्ठ्याशेजारी, तिने संध्याकाळी वही उघडली. एकतीस वर्षे ती मुद्रितशोधनावर जगत होती. तिच्या हातून एक वेलांटी निसटली तर छापखान्यात आठवडाभर तो विषय पुरत असे. तिने सह्यांच्या रकान्यावर पट्टी ठेवली आणि ओळीने खाली सरकवत नेली. पहिली सही पक्षी दाखवणाऱ्याची, दुसरी साक्षीदाराची. पहिली माने, दुसरी दामले. पहिली दामले, दुसरी माने. पाळीपाळीने, पंधरा वर्षे. मग ८ नोव्हेंबर २०२०, तांबट, पहिली माने. त्यानंतर 'पहिली माने' कुठेच नव्हते. पाच वर्षे, दर रविवारी, हिंदुरावांनी आपणहून एकही पक्षी दाखवला नव्हता. आणि ही वही दर रविवारी तिच्या हातात होती.

बाकीचे लोक सातला यायचे. पाणलावा अंधूक उजेडातच बाहेर येतो म्हणून ती दोघे सव्वासहाच्या आत पोहोचत. ती कुजबुजायची, "त्या पांढऱ्या दगडाच्या डावीकडं, हात-दीड हात." हिंदुराव दुर्बीण लावायचे. थोड्या वेळाने म्हणायचे, "हां." त्या 'हां'वर तिने पाच वर्षे काढली होती. तो कितव्या मिनिटाला यायचा, तेसुद्धा तिला आठवत होते. फार उशिरा नाही, फार लवकर नाही.

रविवारी ती गेली. हिंदुराव आधीच येऊन नेहमीच्या दगडावर बसले होते. दुर्बीण गळ्यात होती. डिसेंबरची थंडी आणि पाण्यावर वाफ. तिने घड्याळ पाहिले. सहा दहा.

"शेकाटे उठले," तिची चाहूल लागताच ते म्हणाले. "तीन असतील."

चार होते. तिने सांगितले नाही.

"एकोणीस वर्षं मी तुमच्या शेजारी उभी राहिले, हिंदुराव. मला सांगायचं होतं."

"काय सांगणार? दिसत नाही म्हणालो असतो तर तुम्ही दुसरा साक्षीदार बघितला असता."

"बघितलाच असता. नियम त्यासाठीच होता ना?"

"म्हणून तर नाही सांगितलं."

ती काठावरची काडी मोडत राहिली. "मला नाही सांगितलंत. आणि साठ माणसांत, त्या पानशांना सांगितलंत."

"त्यानं सरळ विचारलं, बाई. पाहिला का म्हणून. तुम्ही कधी विचारलं नाही. दगडाच्या डावीकडं, एवढं सांगायच्या. मी दुर्बीण लावायचो."

"म्हणजे चूक माझी. छान."

"तसं नाही म्हणत."

"मग कसं म्हणताय? निदान एवढं तरी बोलायचं होतं, की बाई खोटं लिहीत नाहीत. तेवढंसुद्धा तुमच्या तोंडून निघालं नाही. मी तिथे उभी होते, हिंदुराव. वाट बघत."

पाणकणसात एक पाणकोंबडी ओरडली आणि गप्प झाली. हिंदुरावांनी दुर्बिणीचा पट्टा डोक्यावरून काढला आणि तो दुर्बिणीभोवती हळूहळू गुंडाळला.

"मंगळवारी काय सांगणार?"

"पाहिलं ते. नर आणि चार पिल्लं."

"पाहिली?"

तिने चमकून त्यांच्याकडे बघितले. त्यांचा चेहरा तिच्याकडे होता, पण नजर थोडी बाजूला, तिच्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी.

"हे काय विचारणं झालं?"

"काही नाही. विचारलं." ते दगडाला धरून उठले. "वही घरीच हाय ना तुमच्याकडं? ती ओळ एकदा पुरती वाचा. शेवटच्या रकान्यापर्यंत."

त्यांनी दुर्बीण तिच्या हातात दिली आणि पायवाटेने, झुडपांना एक हात लावत, निघून गेले. सातला लोक आले. त्या रविवारी त्रेचाळीस जातींची नोंद झाली. हिंदुराव का नाहीत, हे कुणीही विचारले नाही. अपूर्वाने सगळ्यांना आधीच कळवले असावे.

घरी येऊन तिने चप्पलसुद्धा काढली नाही. २१ ऑगस्ट २०१६. वेळ ६.३५. रंगीत पाणलावा, नर १, पिल्ले ४. शेजारी हिंदुरावांनी पेन्सिलीने काढलेले चित्र: चार ठिपके एका ओळीत आणि शेवटचा जरा मागे. मग सह्या. आणि त्यापुढे हजेरीचा, कोण किती वाजता पोहोचले याचा रकाना, जो कुणी वाचत नसे आणि जो ती एकही रविवार न चुकता भरत असे. तिच्याच अक्षरात, तिच्याच शिस्तीने: माने ६.१०. दामले ७.१५.

ती पलंगाच्या कडेवर बसली.

त्या दिवशी बस बंद पडली होती, संगमवाडीच्या अलीकडे. ती पुढचे सगळे अंतर चालत आली होती. हिंदुराव पाण्याच्या कडेला गुडघ्यावर बसलेले, एवढे खूष की बोलताना अडखळत होते. आत्ताच आत गेली, बाई, आत्ताच, शेवटचं चिखलात अडकलं होतं. तिने वही ओढून घेतली होती. त्यांनी ती क्षणभर सोडली नव्हती. बाई, नियम, असे म्हणाले होते. आणि ती हसली होती. द्या हो. तुम्ही पाहिलीत म्हणजे मी पाहिलीच.

चिखलात अडकलेले ते पिल्लू तिला आजही दिसत होते. त्याच्या पायाचा रंगसुद्धा. नऊ वर्षे ती तो रंग लोकांना सांगत आली होती.

फोन वाजला. अपूर्वाचा निरोप होता. सोबत प्रतिज्ञापत्राचा मसुदा आणि वहीच्या पानाचा फोटो. "हजेरीचा कॉलम क्रॉप केलाय, त्याचा काही संबंध नाही. तुम्ही फक्त 'प्रत्यक्ष पाहिले' हे वाक्य चेक करा. बाकी ओके."

वाक्यात चूक नव्हती. तिने तीनदा वाचले. सवयीने लाल पेन उघडले होते, ते पुन्हा बंद केले. नंतर हिंदुरावांना फोन लावला. बराच वेळ वाजला. उचलला गेला तेव्हा पलीकडे त्यांची सून होती.

"बाबा गच्चीवर आहेत. बोलावू का?"

"नको," श्यामला म्हणाली. "दुर्बीण माझ्याकडे राहिली, एवढंच सांगा."

मंगळवारी अकराला सुनावणी सुरू झाली. या वेळी माणसे जास्त होती. गटातले बावीस जण पुढच्या दोन रांगांत बसले. हिंदुराव आले होते. ते सर्वांत मागे, दाराजवळच्या खुर्चीवर एकटे बसले, आणि अपूर्वाने मुद्दाम त्यांच्याकडे पाठ केली. मूळ वही टेबलावर उघडून ठेवलेली होती. अधिकारीबाईंनी ओळीवर बोट ठेवले. ते सह्यांपाशी थांबले. पुढचा रकाना त्यांच्या तळव्याखाली होता. शेजारी प्रतिज्ञापत्र, टाईप केलेले, सहीची जागा रिकामी.

"दामलेबाई, गेल्या वेळी माने म्हणाले, दुसऱ्याच्या सहीचं ज्याचं त्याला विचारा. म्हणून तुम्हाला विचारते," त्या म्हणाल्या. "ही दुसरी सही तुमची?"

"माझी."

"तुम्ही पक्षी पाहिला होता?"

पानसे वहीकडे न बघता स्वतःच्या फोनमध्ये काहीतरी वाचत होते. मागे दाराजवळ एक खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. श्यामलाने वळून पाहिले नाही.

शिपायाने माइक तिच्यासमोर आणून ठेवला तेव्हा अकरा वाजून बारा मिनिटे झाली होती.