फुलाबाईची ओळ

"सम्राट, तू मागं पडतोयस!" गायत्री मोबाईलच्या पडद्यातून ओरडली.

"म्या न्हाई, तूच पुढं पळतीयास! वनीताई, तूच सांग, कोण चुकतंय?"

वनिताला दोघेही चुकल्यासारखे वाटत होते, आणि त्या दोघांना ती. विंझरच्या घराच्या खिडकीत, जिथे जरा बरी रेंज येते तिथे, ती उभी राहून गात होती. तिचा आवाज नाशिकला गायत्रीच्या कीबोर्डपर्यंत पोचेतो तिकडचा सूर पुढे गेलेला असे, आणि शारजाहून सम्राटचा ठेका यायचा तो ओळ संपल्यावर, वरात निघून गेल्यावर येणाऱ्या पाहुण्यासारखी. तासभर हेच चाललं होतं. शेवटी सम्राटचं चित्र तोंड उघडलेल्या अवस्थेत थिजलं आणि गायत्री म्हणाली, "वने, असं न्हाई व्हायचं. लगीन एका मांडवात लागतं, तीन मांडवांत न्हाई."

फोन बंद झाला. वनिता खिडकीतच उभी राहिली.

एकेकाळी 'निळाई गायन पार्टी' म्हटलं की भोर-वेल्ह्यात कुठेही मांडव भरायचा. बारसं असो, लग्न असो, भीमजयंती असो. वनिता गायची, गायत्री पेटी वाजवायची, सम्राटची ढोलकी सुरू झाली की म्हातारी माणसंसुद्धा मांडी बदलून बसायची. मग गायत्री लग्न होऊन नाशिकला गेली, तिथे दवाखान्यात नर्स झाली. सम्राट शारजाला गालिच्यांच्या गोदामात लागला. वनिता भोर आगारात कंडक्टर झाली, आणि गाणाऱ्या बाईचा आवाज "पुढं सरका, पुढं सरका" म्हणण्यात खर्ची पडू लागला. जयंतीच्या मांडवात ती आता समोर, सतरंजीवर बसायची. मागच्या वर्षी शेजारची बाई सहज म्हणाली होती, "तुमची पार्टी मोडली न्हवं?" वनिता हसली होती, पण घरी येऊन जेवली नव्हती.

गाणं सुचलं ते भोर-वेल्हे गाडीतच. तिची सासू पारूबाई बहात्तरच्या दुष्काळात ह्याच रस्त्यावर खडी फोडायला होती. वनिता सासूला आत्या म्हणे. विंझरच्या वळणावरून गाडी गेली की वनिताला वाटे, आपण आत्याच्या हातावरून चाललोय. एका रिकाम्या फेरीला ती गुणगुणायला लागली आणि वेल्हं येईपर्यंत धृपद तयार झालं:

*कुणी फोडली गं खडी, ह्या वाटेची खडी?*
*पारूनं, चंद्रीनं, तान्ह्या पोराच्या आईनं...*
*पाटीवर नाव न्हाई, डांबरात नाव न्हाई,*
*माझी एस्टी पळते गं त्यांच्या हातांवरनं बाई!*

गायत्रीला तिने ते फोनवर ऐकवलं. मग गायत्री म्हणाली, "ह्याचा व्हिडिओ करायचा. आपुन तिघांनी. कुठं का असंना." भोरच्या जयंती समितीने पुण्याची मोठी पार्टी ठरवली होती. ती मंचावर येण्याआधी मोठ्या पडद्यावर तुमचं गाणं लावू, पण एक दिवस आधी आमच्या हातात पाहिजे, असं त्यांनी कबूल केलं.

आणि आता तीन मांडव.

मार्ग सम्राटनेच काढला. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला: "ताई, एकत्र वाजवायचंच न्हाई. आधी म्या ढोलकी पाठवतो. ती कानात लावून तू गा. तुझ्यावर गायत्री वाजवंल." शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी तो गोदामात गेला, गालिच्यांच्या उंच गुंडाळ्यांच्या मधोमध बसला, आणि खोलीवरच्या पंजाबी सोबत्याकडून मागून आणलेल्या ढोलकवर त्याने ठेका धरला. ढोलक ती ढोलकी नव्हे, पण हात सम्राटचा होता. वनिताने इयरफोन कानात घातला आणि पहिल्या थापेला तिच्या अंगावर काटा आला.

गाताना मात्र गावाने तिचा छळ मांडला. धान्याच्या खोलीत नागसेनने, तिच्या नवऱ्याने, घरातल्या साऱ्या गोधड्या भिंतींना टांगल्या, म्हणजे आवाज घुमणार नाही. आत वनिता घामाघूम. एकदा कोंबडा आरवला. एकदा कुकरची शिट्टी झाली. एकदा तर छान, अगदी मनासारखं गाऊन झालं आणि शेवटच्या ओळीला भंगारवाल्याचा भोंगा दारात वाजला. नागसेन त्याच्या अंगावरच धावून गेला.

"अवो, त्याचा काय दोष?" वनिता गोधडीतून डोकं काढून म्हणाली.

"दोष न्हाई, पण त्याला यायला आत्ताच सापडलं व्हय!"

पण जमलं. गायत्रीने ड्यूटीवरून आल्यावर त्यावर सूर भरले, लॅपटॉपवर सगळं जुळवलं. राहिली ती चित्रं. नागसेन टेम्पो चालवायचा आणि लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ हौसेने मोबाईलवर काढून द्यायचा. त्याला गाण्यात आई हवी होती.

पारूबाई सत्तरी ओलांडलेली. खडी फोडताना एक कपची उडून तिचा डावा डोळा गेला होता. घरातल्या एकाही फोटोत तिचा पुरता चेहरा नाही, सगळ्यांत पदर पुढे.

"म्या काय नटी हाय?" ती म्हणाली. "त्वांड न्हाई दाखवायचं."

"आत्या, तुमच्यावरच तर गाणं हाय."

"आसंल. पर त्वांड माजं हाय." मग जरा थांबून ती म्हणाली, "हात दाखवा हवं तर. दगूड फोडला त्यो हातानं फोडला, तोंडानं न्हाई."

सकाळच्या उन्हात ते तिला वळणावर घेऊन गेले. नागसेनने शेजाऱ्याकडून हातोडी आणली होती. पारूबाईने ती तोलून पाहिली, दांडा जरा आखडता धरला आणि बसकण मारली. मोबाईल तिच्या हातांवर रोखलेला. पहिला घाव दगडावरून निसटला. दुसऱ्यालाही नुसती भुकटी उडाली. नागसेन म्हणाला, "आई, राहू दे, ऊन वाढलं." तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. दगड उलटा केला, बोटाने त्याची शीर चाचपली आणि एकच घाव घातला. दगडाची दोन स्वच्छ भकलं झाली.

"आता घे कितीबी," पारूबाई म्हणाली आणि लागलीच तालात आली. ठक्, ठक्, ठक्. वनिता रस्त्याच्या कडेला उभी राहून आपोआप गायला लागली. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीतून तिच्याच आगाराच्या ड्रायव्हरने हात केला, आणि पारूबाईने मान वर न करता हातोडी जराशी उंचावली.

संध्याकाळी ओसरीवर बसून घरातल्या तिघांनी तयार व्हिडिओ पाहिला. वनिता गणवेशात गाडीच्या दारात उभी, गालिच्यांमध्ये सम्राट, नाशिकच्या गच्चीवर गायत्री, आणि मधूनमधून ते हात. नागसेनच्या डोळ्यांत पाणी आलं. पारूबाई मात्र ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती.

"आवडलं न्हाई का, आत्या?"

"गानं चांगलं हाय. एक बाय ऱ्हायली."

"कोन?"

"फुला. फुलाबाई." पारूबाईने पदर सारखा केला. "माज्या शेजारीच बसायची. चैताचं ऊन. सगळ्या बायका भाकर खायाला बाबळीखाली गेल्या, ती म्हनली, येवढा ढीग संपवून येते. आली न्हाई. जाऊन बगतो तर तितंच, खडीवर कलंडल्याली. पोरगी बाबळीच्या झोळीत निजल्याली व्हती, दुधाची."

"तुमी कधी बोलला न्हाई."

"तिचं नाव घेतलं की घास उतरत न्हाई मला. पर गान्यात माजं नाव येतंय आन् तिचं न्हाई, ह्ये बराबर न्हाई."

"आन् ती पोरगी?" नागसेनने विचारलं.

"किकवीला मावशीनं वाढिवली. सगुना. भाजी इकती की ती."

वनिता दचकली. किकवीची सगुणाबाई! दर बाजारच्या दिवशी पाट्या घेऊन गाडीत चढणारी, लगेजच्या तिकिटावरून तिच्याशी हटकून भांडणारी. ह्याच रस्त्यावरून, आठवड्याच्या आठवड्याला.

ओळ तिथेच, ओसरीवर झाली. *सावलीला गेली न्हाई ती आमची फुलाबाई.* पण ओळ झाली म्हणजे गाणं झालं असं नव्हे. ढोलकी पुन्हा हवी, सूर पुन्हा हवे, आणि जयंती तोंडावर आली होती. गायत्री लगेच हो म्हणाली. सम्राट मात्र फोनवर दिवस मोजू लागला.

"ताई, सुट्टी शुक्रवारी. तवर जयंती होऊन जाईल. आता हाय तसंच जाऊ दे. कुनाला कळतंय?"

"कुनालाच न्हाई कळायचं," वनिता म्हणाली. "पन सम्राट, चंद्री कोन रे?"

"माजी आजी. का?"

"तिचं नाव म्या सोडलं असतं आन् म्हनले असते, जाऊ दे, कुनाला कळतंय?"

"तू लई वंगाळ बाई हायेस," तो म्हणाला. मग हळूच, "त्या हातोडीचा आवाज पाठव. निस्ता, गान्याबिगर."

दुसऱ्या दिवशी त्याने दुपारची जेवणाची सुट्टी वापरली. फाईल आली तेव्हा वनिता भोरच्या स्टँडवर होती. तिने ऐकलं आणि बाकावर बसली. त्या ओळीला सम्राटने ढोलक वाजवलाच नव्हता. नुसती पारूबाईची हातोडी ठेवली होती, आणि ओळ संपल्यावर अशी काही थाप घातली होती, की बंद दार उघडावं. धान्याच्या खोलीत गोधड्या पुन्हा टांगल्या गेल्या. ह्या वेळी कोंबडा आरवला नाही, कारण नागसेन त्याला काखेत घेऊन शेताच्या टोकाला जाऊन उभा राहिला होता.

बाजारच्या दिवशी सगुणाबाई किकवीहून चढली. "दोन पाट्या हायेत, एकीचंच लगेज देनार," तिने चढल्या चढल्या बजावलं.

वनिताने तिकीट फाडलं नाही. ती तिच्याजवळ टेकली. "मावशी, जयंतीला संध्याकाळी भोरला या. आमचं गानं हाय. फुलाबाईंचं नाव हाय त्यात."

सगुणाबाईचा चेहरा आक्रसला. "माज्या आईचं नाव तुला कुनी सांगितलं?"

"पारूबाईनं. विंझरच्या. त्या माज्या सासू."

सगुणाबाई खिडकीबाहेर बघत राहिली. उतरताना मात्र तिने विचारलं, "मोठ्यानं म्हनता का नाव? का निस्तं असंच?"

"मोठ्यानं," वनिता म्हणाली.

जयंतीला दिवेलागणीच्या सुमाराला भोरचं मैदान निळ्या झेंड्यांनी भरलं होतं. पुण्याची पार्टी मंचामागे वाद्यं लावत होती. नागसेनने मोबाईल उंच धरला होता, त्यात सम्राट आणि गायत्री दोघेही श्वास रोखून. साठ-सत्तर माणसांच्या गाडीत न घाबरणारी वनिता पडद्याकडे बघायला घाबरत होती.

गाणं सुरू झालं. आधी लोक बोलत होते, पोरं पळत होती. "कुणी फोडली गं खडी" म्हटल्यावर पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या गप्प झाल्या. "पारूनं, चंद्रीनं" आलं तशी कुणीतरी ओरडलं, "आरं, आपल्या हितल्याच हायेत!" एस्टीच्या ओळीला शिट्ट्या पडल्या. मग ढोलकी थांबली. मोठ्या पडद्यावर फक्त ते हात, सुरकुतलेले, घराएवढे. हातोडीचा ठक् ठक् मैदानभर घुमला आणि वनिताचा आवाज वर गेला: सावलीला गेली न्हाई ती आमची फुलाबाई. सम्राटची थाप पडली आणि मैदान उठलं. टाळ्या थांबेनात. "परत लावा! परत लावा!" पुण्याच्या पार्टीचा ढोलकीवाला मंचामागून धावत आला आणि नागसेनच्या मोबाईलमध्ये डोकं घालून सम्राटला विचारू लागला, "दादा, ती शेवटची थाप कशी घेतली?" गायत्री रडत आणि हसत होती.

सगुणाबाई सगळ्यात मागे, खांबाला टेकून उभी होती. पारूबाईने तिला शोधून काढलं. म्हातारीने तिचं मनगट धरलं आणि गर्दीतून वाट काढत तिला थेट पुढे आणलं, पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्यांपर्यंत. समितीचा एक माणूस पुढे झाला. काही म्हणायच्या आधीच त्याने पारूबाईचे हात पाहिले, पडद्यावर पाहिलेले, आणि स्वतःच दोन खुर्च्या ओढून दिल्या.

गाणं पुन्हा लावलं. ओळ जवळ आली तशी सगुणाबाईने कपाळावरचा घाम पुसला, पदर दोन्ही खांद्यांवरून नीट घेतला, आणि फोटो काढायला बसावं तशी ताठ बसली.