औषध घेण्याची तयारी

अतियाचं डोकं सकाळपासूनच तापलं होतं. राळेगावकडच्या एका सरकारी दवाखान्यात ती समुपदेशक. मन थकलेल्या माणसांचं ऐकून घ्यायचं, हे तिचं काम. बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या साली ऐकायला दोन कान पुरत नव्हते, आणि वरिष्ठांनी तिला पाठवलं कुठं, तर कळंबला, तणावमुक्तीच्या शिबिरात टाळ्या वाजवायला! दुपारी ती परतली तेव्हा तिचे रुग्ण डॉक्टर साकेतनी उरकले होते. उरकले, हाच शब्द खरा.

तिनं कागद चाळले. रुपीबाई, वय बेचाळीस, वेचणीची मजूर. तीन महिने झोप नाही, अन्नावर वासना नाही. निदान : अशक्तपणा. खाली शेरा : ‘औषध घेण्याची तयारी आहे. पुन्हा एक महिन्यानं.’

अतिया कागद घेऊन तशीच साकेतच्या खोलीत शिरली.

"सर, ही बाई नेमकं काय बोलली?"

"हेच. म्हणाली, औषध घ्यावंसं वाटतं. इतके समजूतदार पेशंट मिळतात कुठं?"

"अहो, शिवारात औषध म्हणजे फवारणीचं! इथं कोणी ‘औषध घेतलं’ म्हटलं की लोक तिरडीचे बांबू शोधतात!"

साकेत यवतमाळातच वाढलेला, पण कापूस पाहिला तो गादीतला. चेहरा उतरला, तरी ऐट जाईना. "अहवाल वर गेलाय. आता खाडाखोड बरी दिसत नाही. पुढच्या तारखेला बघू."

"पुढच्या तारखेला कोण येईल, सर? तिचा फोटो?"

मरो तो अहवाल! अतिया तडक स्टँडकडे पळत सुटली. गाडी लागलेली होती; नावानं हाक मारली तेव्हा रुपीबाई वळली, तिचा एक पाय पायरीवर होता. अतियानं दंड धरून तिला खाली घेतलं. कंडक्टर ओरडला, तर ही त्याच्यावर दुप्पट ओरडली.

बाकड्यावर बसवून तिनं सरळ विचारलं, "मावशी, जीव द्याचं मनात येते का?"

"रोजच येते, बाई. औषधाचा डबा खाटेखालीच हाये."

अतियानं नंबर विचारून तिथूनच तिच्या भावाला, लालसिंगला, फोन लावला आणि डबा घराबाहेर काढायला लावला. "तुमाले आज घरी नाही जाचं, मावशी. आज दवाखान्यात राहाचं. उद्या यवतमाळच्या मोठ्या डॉक्टरकडे मी संगं येतो."

मग तिनं रुपीबाईला साकेतसमोर आणून उभं केलं. खाटेखालच्या डब्याचं ऐकून तो गडबडला. "मावशी, हे मला का नाही सांगितलं?"

रुपीबाईला त्याचंच नवल वाटलं.

"सांगतलं नं, सायेब. औषध घ्यावं वाटते म्हटलं. तुमी पाठीवर हात ठेवला अन् म्हणले, शाबास, आजपासूनच सुरू करा. मी म्हटलं, शिकला-सवरला मानूसई असंच म्हणते, तं मंग थांबाचं कायले?"

अतियानं कोरा कागद साकेतपुढं आपटला.

"लिहा आता," ती म्हणाली. "तिच्या तोंडचं, जसंच्या तसं."