मथुराबाईची घागर

आमच्या ईट गावाजवळच्या वस्तीचा ओढ्यावरचा पूल दोन पावसाळ्यांत खचला. पुराला कुणी दोष देऊ नये, तो काँक्रीटच्या पातळ मालानं खचला. तो बांधणारा कंत्राटदार इंद्रजित. नव्या पुलाचं कामही त्यालाच मिळालं, आपल्याकडं असंच चालतं. फरक एवढाच, की या वेळी इंजिनिअर मी होते. तपासल्याशिवाय एक घमेलं वर जाणार नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

स्लॅबच्या दिवशी कामगारांना जेवू घालायची वस्तीची रीत. माझी आई मथुराबाई सकाळपासून मटणाच्या पातेल्याशी होती. इकडं मी मिक्सरमधला ताजा माल तपासणीच्या पत्र्याच्या शंकूत, म्हणजे कोनात, थराथरानं भरला, सळईनं ठासला आणि कोन सरळ वर उचलला. चांगला माल थोडा बसतो, पण उभा राहतो. हा शेणासारखा पसरला.

मी मुकादम गुंडाप्पांना फैलावर घेतलं. तशी आई पुढं आली. घट्ट माल ओढून बायका उन्हात दमल्या, म्हणून तिनंच मिक्सरमध्ये घागरभर पाणी ओतलं होतं. पाव्हणे वाढले की आमटीत ओततो तसं.

"आमटीवरून ट्रॅक्टर जात न्हाय, आई."

बायका हसल्या. इंद्रजित जरा जास्तच गोड हसला. एवढी घागर जाऊ द्या मॅडम, म्हणाला, मायेचं पाणी आहे. त्याची माया मला पुरती ठाऊक होती. आईचं पाणी एकदा खपवलं, की दुपारी त्याचंही खपवावं लागलं असतं, आणि मला तोंड उघडता आलं नसतं.

"हा माल खड्ड्यात टाका," मी म्हणाले.

चारचौघांत माझी शोभा केलीस, असं आई पुटपुटली. मी गुंडाप्पांची माफी मागितली आणि नवा माल कालवायला लावला. तो कोनातून निघाला, चार बोटं बसला आणि ताठ उभा राहिला. आई वाकून त्याच्याकडं बघत राहिली.

जेवणाआधी उरकायची घाई सुटली, तसा इंद्रजितचा माणूस बादली घेऊन मिक्सरकडं निघाला. मी वर स्लॅबवर होते. खाली मिक्सरच्या तोंडाशी आई उभी होती, हातात रश्श्याची पळी.

"माझं चाललं न्हाय, तर तुझं कसं चालंल रं?"

माणूस बादली घेऊन माघारी वळला.

जेवायला उशीर झाला, रस्सा आटला होता. आईनं माझ्याकडं बघत त्यात तांब्याभर पाणी ओतलं. मी ताट पुढं केलं.