पहिली हाक

आईच्या बंगळूरमधल्या राजाजीनगरच्या घरात शिवलीलाने पलंगामागे हाक पोचवणारा जो डबा बसवला होता, तो जात्याच झोपाळू. बॅटरी वाचावी म्हणून सदा झोपलेला. आईने उशाशी बटण दाबलं की जागा होई आणि शिवलीलाच्या फोनवर निरोप धाडी. पण बटणाकडून पहिली हाक येई तेव्हा स्वारी डोळे चोळत असे. ती हरवून जाई. म्हणून बटण दोनदा दाबायचं.

पलंगाच्या दुसऱ्या बाजूचं बटण अप्पांचं. वर्षापूर्वी ते गेले, तेव्हा शिवलीलाने ते वायरसकट काढून व्हाइटफील्डच्या ऑफिसात ड्रॉवरमध्ये ठेवलं. डब्यातलं त्यांचं पोर्टही, म्हणजे त्यांची वायर जोडायची खाच, ड्रायव्हरमधून, डबा चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून, बंद करायला हवं होतं. पण ‘कल्लाप्पा’ हे त्यांचं नाव पुसायला तिचा हात धजेना.

तेव्हापासून त्या रिकाम्या पोर्टचा दिवा मधूनच एकदा लागे नि विझे; फोनवर मात्र काही येत नसे.

“तुझे अप्पा बोलवालेत,” आई, शालन, म्हणे. “एका हाकेला ओ देऊ नये गं. माणूस असला तर दुसऱ्यांदा बोलवतो.”

“उघडं पोर्ट हवेतलं काहीबाही पकडतं, आई.”

म्हणे खरी, पण दिवा लागला की शिवलीलाच्याही अंगावर काटा येई.

हल्ली आईचे हात थरथरत. बटण दुसऱ्यांदा दाबायचं राहूनच जाई. एकटी बाई, ऐन वेळी निरोप पोचलाच नाही तर? या धास्तीने शिवलीलाने ड्रायव्हर बदलला. डब्याला ज्या हाकेने जाग आली तीच खरी धरायची, दुसरीची वाट पाहायची नाही. रविवारी तिने तो डब्यात घातला.

सोमवारी दुपारी मीटिंगमध्ये फोन थरथरला. ‘कल्लाप्पा बोलावत आहेत.’

तिने धावत जाऊन ड्रॉवर उघडला. अप्पांचं बटण जागच्या जागी होतं. आईला फोन लावला, पुन्हा लावला. उचलेना. मग आईच्या शेजारच्या पवित्राला लावला, तिच्याकडे किल्ली असे.

पवित्राने दार उघडलं तर शालन बाथरूममध्ये पडली होती. खुबा मोडलेला, पण जीव होता. तिचं बटण पलंगाशी, हाताच्या पार पलीकडे.

हॉस्पिटलात शुद्धीवर येताच तिने विचारलं, “तुला कोण बोलवलं?”

शिवलीलाला खोटं बोलवेना. “अप्पांनी. एकदाच.”

“आणि तू ओ दिलीस?”

“दिली.”

शालनने तोंड भिंतीकडे फिरवलं.

“मी वर्षभर दिली नाही गं,” ती म्हणाली आणि हमसून हमसून रडू लागली.