बदललेल्या वाक्यावरची पिवळी खूण

अहो मित्रांनो, इकडे बघा! भाषांतरकाराच्या संगणकाच्या पडद्यावर, कोपऱ्यात डोळे वटारून बसलेली ही पिवळी खूण म्हणजे मी. आता वयाने जुनी झाले, पण उत्साह मात्र अजून उतू जातो!

घरी वापरायच्या ऑक्सिजन मशीनच्या पडद्यावर सूचना येतात. त्या आधी दुसऱ्या भाषेत लिहिल्या जातात, मग आमची भाषांतरकार ताई त्या आपल्या भाषेत आणते. पण मूळ सूचना मागाहून बदलली आणि भाषांतर जुनेच राहिले, तर? त्यासाठीच एका प्रोग्रामर मुलीने मला घडवले. "मूळ वाक्य बदललं की त्याच्या भाषांतरावर जाऊन बसायचं आणि कोणी बघेपर्यंत हलायचं नाही," असे तिने मला बजावले. बदल लहान की मोठा, हे ठरवणे मात्र माझ्या आवाक्याबाहेरचे.

सुरुवातीला माझे काय कौतुक झाले! "बरं झालं बाई, तू दिसलीस," असे ताई म्हणायची. पण मूळ मजकूर लिहिणाऱ्या काकांचा हात स्वस्थ बसेना. आज इथे स्वल्पविराम घाल, उद्या तिथला काढ. दर वेळी मी आपली इमानेइतबारे उगवायची. ताईच्या संगणकाचा पडदा हळद सांडल्यासारखा पिवळा झाला! अतिपरिचयात अवज्ञा, दुसरे काय? मला पाहून सगळे नाक मुरडू लागले. फार वाईट वाटायचे.

एके दुपारी मशीनच्या सूचनांची नवी आवृत्ती पाठवायची घाई झाली. साहेब ताईच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"सगळ्या खुणा एकदम पुसून टाक. काकांचे स्वल्पविरामच असणार."

"एकदा नजर टाकते, साहेब. माझ्या बाबांना हेच मशीन लावलंय. पडद्यावर जे येईल, तेच आम्ही करतो."

"अगं, संध्याकाळपर्यंत पाठवायचंय!"

"मग मला बोलण्यात गुंतवू नका ना!"

ताई एकेक वाक्य उघडू लागली. स्वल्पविराम, पुन्हा स्वल्पविराम, पुन्हा तेच. माझा जीव टांगणीला लागला. आणि एकदम ताई खुर्चीतून उठलीच! भाषांतरात होते, 'लाल दिवा लागला की मशीन बंद करा.' मूळ सूचना आता सांगत होती, 'लाल दिवा लागला तरी मशीन चालू ठेवा. आधी नळी तपासा.' नव्या आवृत्तीत लाल दिव्याचा अर्थच बदलला होता!

साहेबांनीही वाकून ते वाचले. ताईने भाषांतर बदलले आणि मग मला पुसले. असे पुसले जाण्यात काय आनंद असतो म्हणून सांगू! काकांनाही तंबी मिळाली. अर्थ तोच असेल, तर तसे कळवायचे, म्हणजे मी उगवत नाही.

पुढे एका सकाळी ताई धापा टाकतच कामावर आली.

"साहेब, काल आमच्याकडे लाल दिवा लागला! आई घाबरून मशीन बंद करायला धावली. बाबांना बोलता येईना. त्यांनी पडद्यावरच्या वाक्यावर बोट ठेवलं. आईने वाचलं, नळी पाहिली, तर ती उशीखाली दबलेली!"

"अगं, पण बाबा कसे आहेत?"

"एकदम ठणठणीत! चहा गार दिला म्हणून सकाळीच माझ्यावर ओरडले."

मित्रांनो, मी नाचायचीच काय ती बाकी होते! मी नुसती हाक मारू शकते, वाचायचे तुम्हालाच आहे. मी दिसले की वैतागा, हवे तर चार शब्द सुनवा. पण पुसण्याआधी ते वाक्य वाचा. पलीकडे कोणीतरी त्यावर बोट ठेवणार असते.